जमातीचा दाखला रक्तात शोधू नका

छत्रपती संभाजीनगरच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे मराठवाड्यातली कुटुंबे वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. पणजोबांच्या नावाचा निजामकाळातला उर्दू कागद, आजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र, त्यावर दक्षता पथकाची चौकशी. एवढे होऊनही प्रकरण शेवटी खंडपीठात जाते. अशा वेळी ‘एकदाची डीएनए चाचणी करा, सोक्षमोक्ष लागेल’ असे कोणालाही वाटेल. हा तोडगा मुळातच नाकारला पाहिजे.

अनुसूचित जमाती ठरतात त्या राज्यघटनेच्या कलम 342 खालच्या यादीने. रूढी, विधी, बोली तपासणारी आप्तभाव चाचणीसुद्धा निर्णायक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितले आणि जुन्या, विशेषतः 1950 पूर्वीच्या नोंदींना अधिक वजन दिले. या चौकटीत जनुकांना जागाच नाही.

विज्ञानही तसा दावा करत नाही. दहा पिढ्या मागे गेले तर वंशावळीत 1024 पूर्वजांच्या जागा भरतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्यांतल्या एका स्त्रीचा, वाय गुणसूत्र एका पुरुषाचे. उरलेल्या 1022 जणांविषयी या दोन चाचण्या काहीच सांगत नाहीत. संपूर्ण जनुकसंच वाचला तरी तुलना होते ती आधी जमवलेल्या नमुन्यांशी. ज्या लहान जमातीचे नमुने त्यात नसतील, तिचा माणूस शेजारच्या मोठ्या गटाच्या खात्यात जमा होतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले, की भारताच्या मुख्य भूमीवरचे जवळपास सगळे गट, जाती असोत वा जमाती, प्राचीन वंशधारांच्या मिश्रणातून आले आहेत. भिल्ल किंवा आंध जमातीचा असल्याची खूण कोणत्याही एका जनुकात सापडणार नाही. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंग्रजी अमलात नाकांची मापे घेऊन जाती-जमातींची उतरंड लावली होती. जनुकांत जमात शोधणे म्हणजे त्याच वाटेने जाणे आहे.

मला अधिक काळजी वाटते ती एकदा दिलेल्या रक्ताची. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीने 1990 पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिले, ते मधुमेहाने माणसे खचत होती म्हणून. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो अशी या लोकांची श्रद्धा. तिच्याविरुद्ध निष्कर्ष त्यांच्याच रक्तातून काढले गेले, त्यांना न विचारता. कोर्टकचेरीनंतर 2010 मध्ये सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले.

आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आदिवासींच्या संमतीबाबत विशेष काळजी घ्यायला सांगतात. मात्र 2023 चा विदा संरक्षण कायदा व्यक्तीचा विचार करतो, समूहाचा नाही. त्याच वर्षी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यातली रक्ततपासणी आदिवासी कुटुंबांनी जरूर करून घ्यावी. तिने जीव वाचतात. पण उरलेला नमुना कुठे राहील, कशासाठी वापरला जाईल आणि कधी नष्ट होईल, हे आपल्या बोलीत विचारून लेखी घ्यावे. वंश शोधण्यासाठी कोणी रक्त मागितले, तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय देऊ नये.