शेकडा किती, ते आधी लिहा



यंदा मे महिन्यातच एवढा पाऊस झाला की रानात पाय ठेवता येईना. वापसा नाही, औत घालता येत नाही, म्हणून आज पिकाचं नाही, दुसरंच लिहितोय. पण पेरणीच्या तोंडावर हा विषयही पिकाएवढाच महत्त्वाचा वाटतो. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांनी स्वतःच्या नावावर, घरात कुणाला न सांगता केलेलं कर्ज, आणि ते फेडायचं कसं.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. त्याला विचारून लिहितोय. नाव टाकू नका म्हणला, म्हणून टाकत नाही.

2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, आठवत असेल. तेव्हा विकायला कुणाकडं माल नव्हता ते सोडा. पोरांनी मात्र हिशोब मांडला. साडेचार एकर, एकरी आठ क्विंटल, गुणिले दहा हजार, झाले 3,60,000. या कागदावरच्या पैशावर पुतण्यानं मोटारसायकल उचलली. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, दाणा डागी झाला, आणि रास करेपर्यंत भावही निम्म्यावर आला. हप्ता तेवढा ठरला होता तेवढाच राहिला.

पुढं दीड वर्ष मला काही कळलं नाही. 2023 च्या संक्रांतीला रात्री फोन आला, "काका, आखाड्यावर येता का जरा." गेलो तर पोरगा बाजेवर मान खाली घालून बसलेला. मोबाईलवर ज्यांच्याकडून पैसे घेतले होते त्यांनी त्याच्या बहिणीच्या सासऱ्याला फोन केला होता. फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडं गेले होते. बहिणीच्या सासरी नाव गेलं म्हणून तो रडला. रक्कम किती आहे हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मी वहीचं पान फाडलं आणि म्हणलं, सांग. एकेक निघत गेलं. सोसायटीतून जिल्हा बँकेचं पीक कर्ज 60,000. मोटारसायकलचे 3,250 चे एकोणीस हप्ते, म्हणजे 61,750. कृषी सेवा केंद्राची उधारी 38,000. गावातल्या एकाकडून व्याजानं घेतलेले 50,000, हे बायकोच्या सिझरच्या वेळचे. मोबाईलवरच्या तीन ॲपचे मिळून 22,000. मेहुण्याचे हातउसने 15,000. एवढं लिहून बेरीज करणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली सूनबाई दारातूनच म्हणली, "गटाचं राहिलं." बचत गटातून तिच्या नावावर 20,000 उचलले होते, ते हा विसरलाच होता. बेरीज 2,66,750.

आता माझं म्हणणं ऐका. पोरगा हप्ते बुडवत नव्हता. तो फेडतच होता, पण उलटा फेडत होता. जो जास्त ओरडतो त्याला आधी. ॲपवाला दिवसाला दहा फोन करतो म्हणून दुसऱ्या ॲपवरून उचलून त्याला. दुकानदार बसस्टँडवर भेटतो म्हणून त्याला थोडे. बँक ओरडत नाही, म्हणून बँकेचं राहू द्या, माफी होईल. असं फेडून कर्ज कमी होत नाही.

म्हणून प्रत्येक रकमेपुढं शेकडा लिहायला लावला. मी दहावी पास माणूस, पण शेकडा कळतो. गावातल्याचे तीन रुपये शेकडा, म्हणजे वर्षाला 36 टक्के. महिन्याला 1,500 प्रमाणे चौदा महिन्यांत 21,000 देऊन झाले होते आणि मुद्दल 50,000 जसंच्या तसं उभं. ॲपचं एक कर्ज उघडून बघितलं. मंजूर 8,000, हातात आले 6,900, आणि महिन्याच्या आत 8,000 भरायचे. 6,900 ला 1,100, म्हणजे महिन्याला सोळा रुपये शेकडा. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो, हा त्याच्या पाचपट. दुकानाचा बिलावर दोन रुपये शेकडा, वर उधारीचा भाव वेगळा लावलेला. गटाचाही दोन रुपये, पण ते व्याज गटातच राहतं आणि बायकांनाच वाटून येतं, म्हणून त्याला मी वेगळं धरतो.

मोटारसायकलवर 10 टक्के लिहिलं होतं. पण ते फ्लॅट. 90,000 वर तीन वर्षं पूर्ण रकमेचं व्याज धरलेलं, 27,000. तुम्ही दर महिन्याला मुद्दल कमी करता, ते व्याज लावताना कमी धरतच नाहीत. खरा दर अठराच्या जवळ जातो. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, आणि नवी गाडी समोर उभी असताना आपणही विचारत नाही.

आणि सगळ्यात खाली पीक कर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज 7 टक्क्यांनी, मुदतीत भरलं तर केंद्राची 3 टक्के सवलत, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राहिलेलंही सुटतं. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला शून्य. बिनव्याजी पैसा थकवायचा आणि छत्तीस टक्क्यांचा चालू ठेवायचा, हे आपल्या पोरांचं चाललंय.

माफीबद्दल बोललं की लोकांना राग येतो, तरी बोलतो. 2008 ला केंद्राची झाली. 2017 ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत. 2019 च्या शेवटी महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती, दोन लाखांपर्यंत. ज्यांचं सुटलं त्यांना खरंच श्वास मिळाला, मी नाकारत नाही. माफीची मागणी करू नका असंही म्हणत नाही, भाव हमीच्या खाली मिळत असेल तर मागायलाच पाहिजे. पण यातली एकही ॲपला, मोटारसायकलला किंवा दुकानाच्या वहीला लागू नव्हती. परवानाधारक सावकाराच्या कर्जाला 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सरकारनं हात घातला होता. आपल्या गावात व्याजानं देणाऱ्यांपैकी परवाना किती जणांकडं आहे ते तुम्हीच मोजा. थकीत झालं की नवीन पीक कर्ज बंद. मग जूनमध्ये बियाण्याला पैसे कुठून? परत तीन रुपयेवाला. माफीची वाट बघण्याचं व्याज हे असं दुसऱ्याच्या वहीत चढतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, 1994 ला, मी मोटार आणि पाइपासाठी 12,000 घेतले होते, तीन रुपयानंच. महिन्याला 360. चार वर्षं नुसतं व्याज भरलं, 17,000 च्या वर, आणि मला वाटायचं मी फेडतोय. वडिलांना सांगितलं नाही. शेवटी बैलजोडी विकली तेव्हा त्यांना कळलं. ते रागावले नाहीत, दोन दिवस जेवले नाहीत. चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी सोसायटीतून काहीतरी मार्ग काढला असता, हे आज कळतंय.

तर त्या रात्री काय ठरलं ते सांगतो. आधी छत्तीस आणि ॲपवाले मोडायचे. त्यासाठी 72,000 लागत होते आणि हातात काही नव्हतं. सूनबाईचं दोन तोळ्यांचं गंठण होतं. मी विषय काढणार नव्हतो, परक्याच्या गळ्यातलं मागायचा मला अधिकार नाही. तीच म्हणली, "विकायचं नाही, ठेवायचं." आणि दोन अटी घातल्या. फोनमधले सगळे ॲप तिच्यासमोर काढायचे आणि हे पान भिंतीला चिकटवायचं. पुतण्याला पान भिंतीला लावायची लाज वाटत होती, पाहुणे येतात म्हणून. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

बँकेत सोनेतारणावर साडेनऊ टक्क्यांनी 72,000 मिळाले. वर्षाचं व्याज 6,840. आधी एकट्या गावातल्याला वर्षाला 18,000 जात होते. कर्ज कमी झालं नाही, नुसतं घर बदललं, हे त्याला मुद्दाम सांगितलं. नाहीतर मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि माणूस परत उचलतो. गावातल्याला पैसे दिले तेव्हा सही केलेला कोरा चेक परत घेऊनच उठलो. एक बरं, जमिनीचं खरेदीखत करून दिलं नव्हतं. कुणी दिलं असेल तर गप्प बसू नका, 2014 चा सावकारी कायदा आहे, जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. ॲपचंही सांगतो. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये नियम केलेत की कर्ज देताना वर्षाचा खरा दर लिहून द्यायचा आणि फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाही. जो ॲप नंबर बघायची परवानगी मागतो त्याच्यापासून लांब राहा.

मार्चमध्ये ठेवलेलं सोयाबीन विकून सोसायटीचे 60,000 भरले आणि पुढं नवीन उचललं. आपल्याकडं याला नवं-जुनं करणं म्हणतात. पण बरेच जण नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी व्याजानं पैसे घेतात, आणि देणारा आठ दिवसांचा पूर्ण महिना धरतो. म्हणजे शून्य टक्क्यांच्या कर्जाला तीन टक्के इथंच लागले. त्यासाठी पाच-सात कट्टे मार्चपर्यंत बाजूला ठेवा, दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

आता जे कृषी सहायक, कृषी अधिकारी, विद्यापीठाची माणसं हे पेज वाचतात त्यांच्यासाठी. तुम्ही फवारणीची शिफारस देता, चांगली देता. पण पोरगं उधारीवर असेल तर ती शिफारस दुकानाच्या पायरीवर संपते. उधारी देणारा जे देईल तेच न्यावं लागतं, वर एक टॉनिकची बाटली. पुतण्याची 38,000 ची बिलं मी बघितली, त्यातलं निदान दहा-बारा हजाराचं सामान त्याच्या रानाला नको होतं. रोखीनं घ्यायला लागल्यावर ते आपोआप गळालं. तेव्हा औषधाचं नाव सांगताना रोख घेणार का उधार, एवढं विचारत जा.

दुसरं, बियाणं. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, घरचं राखता येतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर पेरा. दोन वर्षं त्यानं बियाण्याची एकही बॅग उधारीवर आणली नाही. कट्टे आपटायचे नाहीत, उंच थप्पी लावायची नाही, एवढं सांभाळलं तर उगवण टिकते.

सगळं सरळ झालं असं नाही. 2023 ला ऑगस्ट कोरडा गेला, सोयाबीन एकरी चारवर आलं. त्या दिवाळीत मेहुणीच्या लग्नाला म्हणून त्यानं आडत्याकडून 10,000 उचल घेतली, मला न सांगता. पट्टीतून कापून गेली आणि आडत्याच्याच काट्यावर माल घालावा लागला. मी चार दिवस बोललो नाही. नंतर वाटलं, बोलायला पाहिजे होतं, न बोलण्यामुळंच तर ही पोरं लपवतात.

2024 च्या फेब्रुवारीत तूर दहा हजाराच्या आसपास गेली, हे नशीब. थोडीच होती, पण दुकान आणि गट त्यातच मिटला. मोटारसायकलचा हप्ता दुधाच्या बिलातून चालू होता, तो ऑगस्टमध्ये संपला. इथं एक गोष्ट त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली. हप्ता संपला तरी 3,250 बाजूला काढणं थांबवलं नाही, सोनेतारणात भरत गेला. आठ महिन्यांत 26,000 असे गेले. बाकी सोयाबीन आणि तुरीतून. सोयाबीन हमीभावाच्या खालीच गेलं, ते आता लिहीत बसत नाही.

यंदा अक्षय तृतीयेला गंठण घरी आलं. विकलं असतं तर आजच्या भावानं त्या पैशात दोन तोळे परत आले नसते. सूनबाईनं कपाट उघडून पानावर रेघ मारली आणि पेन परत त्याच्या हातात दिला, कारण शेवटची ओळ अजून तशीच आहे. मेहुण्याचे 15,000. बिनव्याजी म्हणून शेवटी ठेवले होते, मेहुणाही काही बोलला नाही. मूग निघाला की देतो म्हणतोय. मूग पेरणार आहे का, ते विचारायला संध्याकाळी जाऊन येतो.