‘उद्या पाणी येणार नाही’: पण हा ‘उद्या’ कधीचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पडला: ‘उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.’ मी तेव्हा मुंबईत होतो. वाचला, खाली अंगठा दिला आणि गावच्या आणखी दोन ग्रुपवर ढकलून दिला. तिकडे बोर्ली पंचतनला आईने संध्याकाळी पिंप, हंडे, कळश्या, अगदी दुधाची किटलीसुद्धा भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला नेहमीसारखं पाणी आलं! मेसेज जुना होता. कुठल्या गावाचा होता तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

खरा घोळ पुढे झाला. दहा-बारा दिवसांनी पाणी बंद राहणार असल्याचा खराखुरा निरोप आला. तेव्हा आई म्हणाली, “तुमच्या मोबाईलचं काय खरं नसतं.” तिने काहीच भरलं नाही. घरात आजी आजारी आणि पाणी एक हंडा. चूक माझी होती, मेसेज मीच फिरवला होता. तेव्हापासून पाण्याची बातमी लोकांपर्यंत पोचते कशी, हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे.

नळजोडणी दिसते, पाणी दिसत नाही

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. गावातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. त्याच्या डॅशबोर्डवर कोणत्या गावात किती घरांना नळजोडणी मिळाली हे मोबाईलवरही बघता येतं. पण उद्या सकाळी सातला आपल्या आळीत पाणी येणार का, हे त्यावरून कळत नाही. घरातल्या बाईला मात्र तेवढंच हवं असतं.

हिशोब बघा. पाच माणसांचं घर, माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला २७५ लिटर. दोनशे लिटरचं पिंप एक दिवससुद्धा पुरत नाही. आदल्या संध्याकाळी कळलं तर काहीतरी सोय करता येते. सकाळी कोरडा नळ बघून कळलं तर कामावर खाडा किंवा शेजारच्या विहिरीवर खेप.

पाणी बंद होण्याची कारणं साधी असतात. विहिरीतून किंवा धरणातून पंप पाणी उचलतो, ते टाकीत चढतं आणि टाकीतून उताराने आपल्याकडे येतं. लाईट गेली की पंप थांबतो. टाकी भरलेली असेल तर एक वेळ निभावते, नाहीतर नाही. पाईप फुटला, पंप जळला, टाकी धुवायला काढली, ही बाकीची कारणं. यातली निम्मी तरी आधी माहीत असतात, म्हणजे आधी सांगताही येतात.

दवंडी, पत्र आणि कट्टा

पूर्वी गावात दवंडी पिटायचे. तिला कोणाचा नंबर लागत नव्हता. जो त्या आळीत असेल त्याला ऐकू जायची, पाहुण्यालासुद्धा. मोबाईलवर आज तीन वाटा आहेत आणि त्या तिन्ही वेगळ्या आहेत.

एसएमएस म्हणजे घरोघरी टाकलेलं पत्र. साध्या बटणाच्या फोनवरही येतो, इंटरनेट लागत नाही. पण यादीत नंबर असेल त्यालाच येतो. आणखी एक भानगड आहे. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं फोन वेगवेगळं मोजतो. ‘पाणी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, फोनला चार. त्यामुळे लांबलचक मराठी सूचना दोन-तीन एसएमएसची होते आणि खर्चही तेवढा वाढतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे कट्टा. बातमी झटकन फिरते, पण कोणी सुरू केली ते दोन फॉरवर्डनंतर कळत नाही. चॅनेल त्यापेक्षा बरं. तिथे लिहिण्याचा अधिकार चालवणाऱ्याला असतो आणि जुनी सूचना कधीची आहे हे वर तारखेसकट दिसतं.

तिसरी वाट म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये एकदम सगळ्यांचे फोन जोरात वाजले होते, आठवतंय? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट यांनी घेतलेली ती चाचणी होती. यात टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश देतो, नंबर कोणाचाच लागत नाही. म्हणजे मोबाईलवरची दवंडीच. पण ही वाट वादळ-पुरासारख्या संकटासाठी आहे. पंप दुरुस्तीला रोज वाजवली तर लोक तीही बंद करून टाकतील.

हुबळीने काय शिकवलं

हुबळी-धारवाडला काही दिवसांआड पाणी यायचं. तिथे नेक्स्टड्रॉप नावाची सेवा सुरू झाली. व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी फोन करून कळवायचा आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा. कल्पना झकास होती. पुढे ती बंगळुरूत नेली. तिथे संशोधकांनी तपासलं तेव्हा लोकांच्या पाण्याच्या रोजच्या ओढाताणीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. कारण व्हॉल्व्हवाल्याकडून वेळच्या वेळी खबर येतच होती असं नाही. आणि पाण्याची वाट बघत बाई घरी, एसएमएस आलेला फोन मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच्या खिशात.

आमच्या घराचंही हेच आहे. मेसेज येतो मुंबईत माझ्या फोनवर, हंडा भरायचा असतो बोर्लीत आईला.

मुंबईत महापालिका कपात किंवा दुरुस्ती जाहीर करते तेव्हा तारीख आणि प्रमाण सांगते. २०२४ ला तलावांत साठा कमी झाला तेव्हा ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात, असं आधीच जाहीर झालं होतं. गावाला अ‍ॅप नको, पण एवढा नेमकेपणा हवा.

नेटवर्कच नसेल तर?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल बंद पडले. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि पंप कधी सुरू होईल हे सांगायला फोनही नाही. मी मुंबईतून घरी फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. सेल ब्रॉडकास्टलाही टॉवर उभा लागतो. म्हणून देवळातला-मशिदीतला भोंगा, नाक्यावरचा फळा आणि रिक्षावरचा स्पीकर मोडीत काढू नका. गावाच्या माहितीयंत्रणेत त्यांची जागा मोबाईलइतकीच आहे.

आपण काय करायचं?

सूचना लिहिणाऱ्याने ‘उद्या’ हा शब्दच टाकू नये. वार, भाग, पाणी परत कधी आणि कारण, बस्स. हा नमुना बघा:

‘वॉर्ड २: बुधवारी पाणी नाही. गुरुवारी सकाळी ७ ला. पंप दुरुस्ती.’

मोजलं तर फोनच्या हिशोबाने ६२ होतात. एका मराठी एसएमएसमध्ये आरामात बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जागेची अडचण नाही, तिथे तारीखही घाला.

आणि आपण तरुणांनी एवढं करावं:

१. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बराच फिरून आलेला आहे. तारीख आणि गाव नसेल तर पुढे पाठवू नका.

२. वीजबिलाला घरातल्या माणसाचा चालू नंबर जोडा. महावितरण नियोजित वीजबंदीचे एसएमएस पाठवतं. लाईट जाणार म्हणजे पंपही थांबू शकतो, हा आगाऊ इशाराच आहे.

३. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधा आणि चालू आहे का बघा. आईबाबांच्या फोनमध्येही.

४. पाण्याच्या सूचनेच्या यादीत नंबर द्यायचा तर जो हंडा भरतो त्याचा द्या, स्वतःचा नको.

५. शेजारी कोणी फोन न वापरणारं असेल तर मेसेज वाचून झाल्यावर एक हाक मारा.

मी आता कुठलाही पाण्याचा मेसेज आला की आधी आईला फोन करतो. ती पाणी सोडणाऱ्या काकांना विचारते आणि मग मला सांगते. ग्रुपवर टाकायचं ते त्यानंतर, वार-तारीख घालून. परवा असाच एक टाकला, तर आईचा रिप्लाय आला: ‘माहीत आहे. पिंप भरलंय.’