लाडू कुणी वळला?

मैत्रिणींनो, शाळेतून चिठ्ठी येते, 'शनिवारी विस्तवाविना पाककृती स्पर्धा', आणि स्पर्धेला उभ्या राहतो आपण! मुलगी चौथीतली, पण तिच्या ताटलीत टोमॅटोची गुलाबफुलं नि काकडीचे हंस. हे नऊ वर्षांच्या हातांचं काम नव्हे, हे बाईंनाही कळतं. तरी शेजारणीच्या मुलीची ताटली सजणार, मग आपलीच का मागे, म्हणून रात्री उशिरापर्यंत आपली सुरी चालूच.

दुसरीला कशाला नावं ठेवू? माझ्या धाकटीच्या वेळी बिस्किटांचा रोल मीच घरी करून, गार करून डब्यात घातला. तिनं तिथे नुसत्या चकत्या मांडल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, "ह्यात काय काय घातलंस ग?" पोरगी खिडकीकडे बघायला लागली. खिडकीबाहेर मी! ओठांनीच 'कोको, कोको' सांगत होते. दुसरं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर ते माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आई, हे तुझंच ना?" मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या वर्षी दाण्याचे लाडू ठरवले. दाणे भाजणं विस्तवाचं काम, तेवढं आदल्या दिवशी मी केलं. सालं तिनं काढली (ओटाभर झाली, ते सोडा). १ वाटी जाडसर कुटाला पाऊण वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप, वेलदोड्याची पूड. लाडू वळेना की मुली रडकुंडीला येतात आणि आपण दुधाचा हात लावायला धावतो. धावू नका. कूट नि गूळ खलबत्त्यात पुन्हा कुटले की दाण्याला तेल सुटतं आणि लाडू वळतो. घरी दोनदा बिघडवू दिलं, तेव्हा हे तिचं तिला उमगलं. बिघडलेलं वाया गेलं नाही. पोरांनी चमच्यानं खाल्लं.

स्पर्धेच्या दिवशी फाटकापाशी सोडा नि मागे फिरा. खिडकीशी तर मुळीच थांबू नका! लाडू लहानमोठे होतील, एखादा फुटेल. "असे कसे ग पाठवलेस?" म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर त्यांच्या हातावर एक ठेवा. आणि हो, डब्यावर 'दाण्याचे लाडू' अशी चिठ्ठी आठवणीनं चिकटवा. काही मुलांना दाण्याचं वावडं असतं. चिठ्ठी मात्र तिच्याच अक्षरात असू द्या.