दुकान येथे, न्यायासन तेथे

छत्रपती संभाजीनगरच्या निराला बाजारात, कॅनॉट प्लेसमध्ये अथवा सिडकोच्या एखाद्या वर्दळीच्या रस्त्यावर नामांकित कंपनीची पाटी लावून जो तरुण चहाचे दुकान किंवा शिकवणीवर्ग उघडतो, तो अनामत आणि सजावट यांपायी घरची पुंजी, क्वचित वडिलोपार्जित जमीनही तारण ठेवून, पणाला लावतो. परंतु ज्या फ्रँचायझीच्या छापील करारनाम्यावर तो सही करतो, त्याच्या अखेरच्या पानांत तंट्याचा निवाडा केवळ दिल्लीस वा बंगळुरास होईल असे कलम असते, याची जाणीव त्याला बहुधा कंपनीने माल रोखल्यावरच होते.

फ्रँचायझीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 20 व्या कलमान्वये वादाचे कारण जेथे अंशतः जरी घडले, तेथे दावा दाखल करता येतो. म्हणजे येथील दुकानदारास येथील न्यायालयाचे दार मुळात खुले आहे. तथापि अधिकार असलेल्या अनेक न्यायालयांपैकी एकच निवडण्याचा करार वैध होय, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या हाकमसिंग खटल्यात घालून दिला. आणि 2017 मध्ये इंडस मोबाइल व डेटाविंड यांच्या तंट्यात, माल दिल्लीहून चेन्नईस जात असता आणि मुंबईत काहीही घडलेले नसता, लवादाचे स्थान मुंबई लिहिले आहे एवढ्यावरून मुंबईचीच न्यायालये सक्षम ठरली. तुल्यबळ व्यापाऱ्यांत हा न्याय योग्यच आहे. ज्या मसुद्यातील एक शब्दही बदलण्याची मुभा दुकानदारास नसते, त्या मसुद्याला मात्र स्वेच्छेची निवड म्हणणे आम्हांस मान्य नाही. गावोगावच्या न्यायालयांत धावणे कंपन्यांस परवडणार नाही, या युक्तिवादातही अर्थ नाही; दरमहा स्वामित्वशुल्क वसूल करण्यास जी कंपनी येथवर पोहोचते, तिला येथे वकील देणे दुष्कर नसावे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया, मिशिगन आदी राज्यांनी दुकानदारास राज्याबाहेर खेचणारी कलमे कायद्यानेच निष्फळ ठरविली. पण तेथील अनुभव सावध करणाराही आहे: 1984 मध्ये, सेव्हन-इलेव्हन दुकानदारांच्या प्रकरणात, संघराज्याच्या लवाद कायद्यापुढे कॅलिफोर्नियाचा फ्रँचायझी कायदा टिकला नाही, आणि तेव्हापासून लवादाचे कलम ही कंपन्यांची हुकमी ढाल झाली. आपल्याकडे करार, दिवाणी प्रक्रिया आणि लवाद हे तिन्ही विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे महाराष्ट्रास कायदा करता येतो. मात्र तो केंद्राच्या 1996 च्या लवाद कायद्याशी विसंगत ठरला तरी टिकावा म्हणून राज्यघटनेच्या 254 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल. तंट्याचे स्थान कायद्यानेच ठरविण्याचा मार्ग अपरिचितही नाही: सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या केंद्रीय कायद्याने पुरवठादाराच्या इलाख्यातील सुलभीकरण परिषदेसच थकीत रकमेच्या तंट्याचा अधिकार दिला, आणि खासगी करारातील लवादाच्या कलमाहून तो कायदा वरचढ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले.

न्यायासन जवळ असण्याचे मोल मराठवाड्यास कोणी शिकवावे लागत नाही. 1981 मध्ये येथे उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, त्यासाठी या विभागाने दीर्घकाळ मागणी लावून धरली होती. त्याच विभागाच्या आमदारांनी आता विधेयकाचा मसुदा विधिमंडळापुढे ठेवावा, आणि दुकान ज्या जिल्ह्यात, न्यायालय आणि लवादाचे स्थानही त्याच जिल्ह्यात, ही तरतूद त्यात निःसंदिग्ध शब्दांत असावी, असा आमचा आग्रह आहे.