विश्लेषण : शैक्षणिक कर्जाचा हप्ता पहिल्या पगाराला का झेपत नाही?

अभियांत्रिकीच्या प्रवेश फेऱ्या सुरू झाल्या, की बँकांच्या शाखांत पालकांची वर्दळ वाढते. जागा मिळाल्याचे पत्र हाती येते आणि शुल्क भरून प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस असतात. या घाईत ‘कर्ज किती मिळेल’ हा प्रश्न विचारला जातो. ‘फेडायचे किती’ हा प्रश्न पाच वर्षांनी, पहिला हप्ता सुरू झाल्यावर समोर येतो.

खर्च पालकांवर कसा आला?

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे राज्यात जागा वाढल्या. मात्र या जागांचा खर्च सरकारी तिजोरीऐवजी पालकांच्या खिशावर आला. प्राध्यापकांचे पगार, इमारत, प्रयोगशाळा हे सारे अशा महाविद्यालयांना प्रामुख्याने शुल्कातूनच भागवावे लागते. २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण शुल्क मंजूर करते, पण त्याचा आधार संस्थेने दाखवलेला खर्च हाच असतो. खर्च वाढला की शुल्क वाढते. लातूर किंवा बुलढाण्याहून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलाचे खोलीभाडे आणि खाणावळ वेगळीच.

आठ लाखांचे सतरा लाख कसे होतात?

समजा, चार वर्षांसाठी दरवर्षी २ लाख, असे ८ लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे नव्हे. या काळात सरळव्याज धरले, तरी सुमारे २ लाख ८० हजार रुपये साचतात. फेड सुरू होते तेव्हा कर्ज १० लाख ८० हजारांवर गेलेले असते. दहा वर्षांत ते फेडायचे तर हप्ता येतो सुमारे १४,३०० रुपये आणि एकूण परतफेड होते १७ लाखांच्या पुढे. मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता ११,६०० पर्यंत उतरतो. परतफेड मात्र जवळपास २१ लाखांवर जाते.

आता हे गणित पगाराशेजारी ठेवू. वर्षाला साडेतीन लाखांच्या नोकरीत हातात महिन्याला साधारण २५ हजार पडतात. त्यातून १४ हजार हप्त्याला गेले, तर पुण्यात राहायचे कसे? आणि नोकरीच लागली नाही, तरी हप्ता थांबत नाही. कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की पत मुलाबरोबर त्यांचीही बिघडते.

सरकारची मदत कुठे थांबते?

मदत नाही असे नाही. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत तारण व हमीदाराविना कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते.

पण ही योजना राष्ट्रीय क्रमवारीतील निवडक संस्थांपुरती आहे. सुरुवातीला त्यांची संख्या ८६० होती. शिवाय व्याजाची सवलत फक्त हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी, आणि तीही वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांनाच. नामांकित संस्थेतील पदवीधराला चांगला पगार मिळण्याची शक्यता मुळात अधिक असते. तालुक्याच्या ठिकाणच्या यादीबाहेरील महाविद्यालयात शिकणाऱ्याचे कर्ज बुडण्याचा धोका मोठा, पण तो या योजनेतून वगळला गेला. त्यामागे सरकारी पैसा दर्जेदार शिक्षणावरच खर्च व्हावा, हा विचार असेल. तो चुकीचा नाही. मात्र यादीबाहेरच्या महाविद्यालयाला मान्यता सरकारी यंत्रणांनीच दिली आहे आणि त्याचे शुल्कही सरकारी प्राधिकरणानेच मंजूर केले आहे. मग तिथल्या पदवीला बाजारात किंमत मिळाली नाही, तर त्याची जोखीम एकट्या विद्यार्थ्याने का उचलावी?

मग उपाय काय?

हप्ता कर्जाच्या रकमेऐवजी पगाराला बांधणे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून हीच पद्धत ठेवली आहे. ठरावीक उत्पन्नाच्या खाली फेड नाही. त्यावर गेल्यास करासोबत वसुली. भारतात असंघटित रोजगार मोठा असल्याने ही पद्धत सरसकट लागू करणे अवघड आहे. पण पॅन क्रमांक असलेल्या पगारदार कर्जदारांपासून सुरुवात करता येईल. सोबत शुल्कावरचा लगाम घट्ट हवा. नाहीतर संस्था शुल्क वाढवतील आणि भार सरकारवर पडेल.

तोवर पालकांच्या हाती काय?

दोन गोष्टी. शक्य असेल तर शिक्षणाच्या काळातच व्याज भरत राहावे. वरच्या उदाहरणात त्यामुळे हप्ता सुमारे १०,६०० वर येतो आणि एकूण दीड लाखांहून अधिक रुपये वाचतात. अनेक बँका त्यासाठी दरात १ टक्का सवलतही देतात. दुसरे, महाविद्यालयाच्या फलकावरील सर्वोच्च पॅकेज पाहून निर्णय घेऊ नये. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यांक पगार जाहीर करतात, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी मिळाले तो आकडा. तोही नोकरी लागलेल्यांचाच असतो, म्हणून नोकरी किती जणांना लागली हेही विचारावे. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हप्ता या आकड्याशी ताडून पाहावा. जे महाविद्यालय तो सांगायला तयार नाही, तिथे कर्ज काढून प्रवेश घेण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.