बेदाण्याला वारा, माणसाला पत्रा

मागच्या मार्च महिन्यात एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. महिन्यातली ही तिसरी खेप. पोर चार वर्षांचे, छातीत घरघर, रात्रभर खोकून मलूल झालेले. आधीच्या दोन्ही वेळी मी औषध दिले होते, वाफारा दिला होता, आणि दोन्ही वेळी पोर आठ दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे. आजी म्हणाल्या, "डाक्टर, औषध बदला. ह्यानं गुण येत न्हाई." औषध बदलण्याआधी मी विचारले, "आजी, राहता कुठं?" त्यांनी गावाबाहेरच्या एका बेदाणा शेडचे नाव सांगितले. माझा त्या वाटेने नेहमी जाण्यायेण्याचा रस्ता. संध्याकाळी गाडी थांबवली आणि आत गेलो.

दहा बाय बाराची खोली. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली माती. सहा माणसे. खिडकी नाही. दाराच्या आतच तीन दगडांची चूल, कारण बाहेर वाऱ्याने जाळ लागत नाही. गॅसची टाकी कोपऱ्यात उभी होती, पण भरून आणायला पैसे नाहीत, म्हणून तिच्यावर कपडे वाळत घातलेले. उन्हे उतरली होती तरी आत पाय ठेवताच चेहऱ्याला भट्टीसारखी झळ लागली.

आणि त्या खोलीला लागूनच बेदाण्याची शेड. वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी नाहीतर पाहुण्यांच्या घरी शेड असेल, त्यामुळे वर्णन करायला नको. एकावर एक जाळ्यांचे कप्पे, चारी बाजूंनी वारा खेळता, ऊन थेट पडू नये म्हणून हिरवी जाळी, वाऱ्याची दिशा पाहून केलेली बांधणी. मी सहज म्हटले, "आजी, शेड झकास बांधलीय." तर आजी म्हणाल्या, "मग? बेदाण्याला वारं लागतं डाक्टर. काळा पडला तर भाव न्हाई."

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. द्राक्षाला किती वारा लागतो, किती सावली लागते, हे आपल्या तालुक्याला पक्के कळते. कवठे महांकाळ, तासगाव, मिरज या पट्ट्यातली कोरडी हवा बेदाण्याला मानवते म्हणून हा धंदा इथे उभा राहिला. मग माणसाला किती वारा लागतो हा हिशोब आपण का करत नाही?

या सदरात मी बहुधा मधुमेह, रक्तदाब, ताप यांवर लिहितो. आज घरकुलावर लिहितो आहे, म्हणून काही वाचक म्हणतील की डॉक्टर राजकारणात शिरले. तसे नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे याच तालुक्यात नाडी धरून बसलो आहे, आणि आता असे वाटू लागले आहे की माझ्या निम्म्या चिठ्ठ्या रोग्याच्या घराच्या उंबऱ्याशी हरतात.

क्षयाचेच घ्या. क्षयाचे जंतू रोगी खोकला की हवेत सुटतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. उघड्या हवेत ते पांगतात, उन्हात मरतात. सहा महिन्यांचा औषधोपचार सरकार फुकट देते. खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. फार चांगली गोष्ट. पण रोगी आणि त्याची तीन मुले एकाच बिनखिडकीच्या खोलीत झोपत असतील, तर पहिल्याची औषधे सुरू होण्याआधीच दुसऱ्याची सोय झालेली असते. मी सांगतो, "रोग्याला वेगळ्या खोलीत झोपवा." समोरचा माणूस माझ्याकडे बघतो आणि मान हलवतो. वेगळी खोली असती तर तो मुळात माझ्याकडे आलाच नसता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते.

तीच गत धुराची. आयुष्यात कधी बिडी ओढली नाही अशा पन्नाशीच्या बायका माझ्याकडे येतात आणि त्यांची छाती तीस वर्षे बिडी ओढणाऱ्यासारखी वाजते. उन्हाळ्यात पत्र्याखाली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले पाणी कमी पडून निपचित होतात. मधुमेहाच्या एका गृहस्थांची साखर काही केल्या उतरेना. डोस वाढवत नेला. शेवटी कळले की इन्सुलिनची बाटली पत्र्याच्या घरात फळीवर ठेवत होते. मे महिन्यात त्या फळीवर औषध कुठले टिकणार? बाटली पिशवीत घालून ओल्या माठात ठेवायला सांगितली, तेव्हा साखर ताळ्यावर आली. (घरी फ्रिज नसेल तर हा उपाय करावा. मात्र बाटलीत पाणी शिरू देऊ नये.)

घर सुधारले की रोग किती हटतो, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. मेक्सिको देशातल्या कोआविला राज्याने २००० साली गरिबांच्या घरांतली मातीची जमीन काढून सिमेंटचा कोबा करून देण्याची योजना आखली. औषध नाही, डॉक्टर नाही, फक्त कोबा. पुढे अभ्यासकांनी शेजारच्या, योजना नसलेल्या भागाशी तुलना करून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे सगळ्या घरात कोबा झाला तिथे लहान मुलांचे जुलाब जवळजवळ निम्म्याने घटले, जंतांचे प्रमाण तर तीन चतुर्थांशाहून अधिक घटले. मी वर्षभर जंताच्या गोळ्या वाटतो, त्यांनी गवंडी पाठवला. आणि हे काम तिथे एका राज्याने आपल्या अखत्यारीत सुरू केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या राज्याकडे येऊ. घरकुल हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण हिशोब थोड्यांनाच माहीत असतो. इंदिरा आवासचे ७० हजार होते, ते २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार झाले. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. शिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार धरले होते. (रोजगार हमीची कल्पना शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला आणि पुढे २००५ मध्ये देशाने. आपल्या जिल्ह्याने दिल्लीला दिलेली ही गोष्ट आपणच विसरत चाललो आहोत.) घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा.

कागदावर हे उत्तम आहे. पण १ लाख २० हजारांचा आकडा २०१६ चा. त्यानंतर सिमेंट, सळई, वाळू आणि गवंड्याची हजेरी कुठल्या कुठे गेली, ते बांधकाम काढलेल्या कोणालाही विचारा. २०२५ मध्ये राज्याने आपल्या तिजोरीतून ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले काही सौर वीजसंचासाठी. ही वाढ कोणाच्या मेहेरबानीने झाली नाही. गावोगावचे सरपंच आणि सदस्य वर्षानुवर्षे ओरडत होते, तेव्हा झाली. पण नऊ वर्षे मधे गेली. या नऊ वर्षांत ज्यांनी घरे काढली त्यांनी सावकार पाहिला किंवा घर अर्धवट सोडले.

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, अन्यायच. आपल्या कवठे महांकाळला नगरपंचायत आहे. तिच्या हद्दीत बसणाऱ्याला शहरी आवास योजनेतून अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे आणि एक राज्याचे. हद्दीचा ओढा ओलांडला की पलीकडच्या वाडीवरच्या माणसाला ग्रामीण योजनेचा आकडा लागू. सिमेंटचे पोते मात्र दोघेही एकाच दुकानातून, एकाच भावाने घेतात. उलट वाडीवर पोचवायचे भाडे वर द्यावे लागते. हा फरक कोणत्या शास्त्राने काढला, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

पैसे कमी पडले की माणूस कशात काटकसर करतो ते मी वाडीवस्तीवर रोग्यांच्या घरी गेलो की पाहतो. पहिली जाते खिडकी. चौकट, गज, झडपा, सगळा खर्च. त्या जागी सरळ भिंत उचलतात. मग जाते छत, स्लॅबऐवजी पत्रा येतो. शेवटी जाते स्वयंपाकाची जागा. हप्ते मिळण्यासाठी पाया, चौकट, छत अशा टप्प्यांचे फोटो चढवावे लागतात. ते व्यवस्थित चढतात, कागदावर घर पूर्ण होते, आणि प्रत्यक्षात त्या आजींच्या खोलीची विटांची आवृत्ती तयार होते. माझे म्हणणे असे की, राज्याने शेवटचा हप्ता खिडकीच्या आणि धूर जाण्याच्या वाटेच्या फोटोवर द्यावा. आणि त्या दोन गोष्टींचे पैसे वेगळे द्यावेत, नाहीतर ही अट म्हणजे गरिबाला आणखी एक छळ होईल.

हप्त्यावरून ऊसतोडीची आठवण झाली. जतकडून आणि आपल्या तालुक्यातूनही टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. सरकारचे वर्ष मार्चला संपते, त्यामुळे कामाचा सगळा रेटा नेमका याच महिन्यांत. माणूस वाळवा-शिरोळच्या फडात कोप घालून बसलेला, आणि इकडे निरोप, "फोटोला या, नाहीतर नाव कमी होईल." एका रोग्याने मला सांगितले की तो फडातून सुट्टी मागून एका फोटोसाठी आला, मुकादमाने खाडा धरला आणि परत गेल्यावर उचलीत रक्कम वाढवली. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ काढले आहे. त्याने बाकी काही करण्याआधी एवढे करावे, की तोडणीच्या कुटुंबांच्या घरकुलाचे टप्पे पाडवा ते दसरा या काळात बसवून द्यावेत. त्याला पैसे लागत नाहीत. कॅलेंडर लागते.

जागेचा प्रश्न तर याहून अवघड. ज्याच्या नावावर जागा नाही त्याला घरकुल मंजूर होऊनही उपयोग नाही. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. पूर्वी ५० हजार मिळत, पुढे एक लाखापर्यंत केले, पाचशे चौरस फुटांसाठी. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडे कमी. रस्त्यालगत सोडाच, आडबाजूलाही त्या पैशात अर्धा गुंठा कोणी देत असेल तर मला दाखवावे. इथे ग्रामपंचायतीने गावठाण वाढवून मागणे हाच मार्ग दिसतो, आणि ते एकट्या अर्जदाराचे काम नव्हे.

एकट्याचे काम नव्हे, म्हणून सोलापूरचे उदाहरण सांगतो. तिथल्या बिडी कामगार बाया घरातच तंबाखू आणि पाने घेऊन बसत. एका खोलीत संसार आणि तंबाखूची धूळही. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने या बायांनी गोदूताई परुळेकरांच्या नावे गृहनिर्माण सहकारी संस्था काढली आणि शहराबाहेर कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची मागणी लावून धरली. मोर्चे काढले, मुंबईला गेल्या, दिल्लीला गेल्या. केंद्राने वाटा दिला, राज्याने दिला, आणि कामगारांनीही आपला वाटा उचलला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. पुढे त्याच माळावर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत आखली. तिच्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाली. माझा लाल बावट्याशी काही संबंध नाही, आणि शहरापासून लांब माळावर इतकी माणसे एकदम नेण्याबद्दल माझ्या मनात शंकाही आहेत. पण पक्ष बदलले, सरकारे बदलली, तरी त्या बायांची मागणी बदलली नाही, एवढे मी नोंदवून ठेवतो. आपल्याकडे साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, द्राक्ष बागायतदारांचे गट, सगळे सहकारात झाले. मजुराच्या घराची सोसायटी मात्र आपल्या तालुक्यात माझ्या ऐकिवात नाही.

यात तालुक्याचाही फायदा आहे. घरकुलाचा पैसा फिरतो तो इथेच. वीटभट्टी इथली, गवंडी इथला, सुतार इथला, ट्रॅक्टरवाला इथला. गवंडीकामाचे प्रशिक्षण देण्याची सोय याच योजनेत केलेली आहे. चार पोरे तेवढे शिकली तरी दोन टोळ्यांतली माणसे फडात जायची थांबतील. बागायतदारांनाही एक सांगावेसे वाटते. शेडच्या मजुराची खोली बांधताना शेडचाच नियम लावा. पूर्व-पश्चिम पाहा, वाऱ्याला वाट ठेवा, पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा थर द्या. ज्याने शेड बांधली तोच माणूस हे अर्ध्या दिवसात करील. फक्त पाचट आणि चूल यांच्यात अंतर ठेवा, नाहीतर माझ्याकडे भाजलेली माणसे येतील.

येत्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा वाचकांनी जरूर जावे, आणि आपले नाव ऐकून उठून येऊ नये. यादीत कोण राहिले ते विचारावे. रखडलेले हप्ते आणि गावठाणवाढ यांचा ठराव लेखी घ्यावा आणि त्याची नक्कल आमदारांना द्यावी. विधानसभेत प्रश्न विचारायला त्यांनाही काहीतरी हातात लागते.

त्या आजींचे काय झाले, हे कोणी विचारील. घरकुलाच्या यादीत त्यांचे नाव आहे, नंबर लांब आहे. मी शेडच्या मालकांना भेटलो. भले गृहस्थ, थोडे ओशाळले. त्यांनी दोन बाजूंचे पत्रे वरून हातभर कापून तिथे शेडचीच हिरवी जाळी लावली आणि चुलीला बाहेर पत्र्याचा आडोसा करून दिला. एका दुपारचे काम झाले. परवा आजी पुन्हा नातवाला घेऊन आल्या, तेव्हा मी सवयीने स्टेथोस्कोप उचलला. आजी म्हणाल्या, "छाती नगा बघू. खरूज झालीया."