दारावरचं लाल फडकं

‘गोवर काय, सगळ्यांनाच निघतो, त्यात घाबरायचं काय?’ लसीकरणाच्या दिवशी हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी बहुधा बाळाची आजी असते. अशा आजींना मी सामोआची गोष्ट सांगते.

सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. वस्ती जेमतेम दोन लाख, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. चहूकडे समुद्र, म्हणजे रोगराईची कटकट नाही, असं आपल्याला वाटेल. पण आहे उलटंच. थोड्या वस्तीत साथ लवकर विझते आणि पुढची मुलं त्या रोगाची ओळखच न होता वाढतात. मग बाहेरून एक आजारी प्रवासी आला तरी पुरतं. १९१८ साली ऑकलंडहून आलेल्या ‘टालुने’ बोटीतून इन्फ्लुएंझा उतरला आणि तिथला साधारण दर पाचवा माणूस दगावला. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद केलं, तिथे एकही बळी गेला नाही.

विमानांच्या काळात दारं कायमची लावून घेता येत नाहीत. लस हाच बांध, आणि तोच २०१८ च्या जुलैत फुटला. वर्षावर्षाच्या दोन बाळांना गोवराची लस टोचली आणि काही मिनिटांत दोघंही गेली. लस निर्दोष होती. ती पावडरच्या रूपात येते, टोचण्याआधी तिच्यात ठरावीक पाणी मिसळतात. परिचारिकांनी पाण्याऐवजी, भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते औषध मिसळलं होतं. पण कोर्टाचा निकाल लागेस्तोवर वर्ष उलटलं. मधले कित्येक महिने ती लस बंदच होती, आणि आयांच्या मनात बसायची ती भीती बसली. त्या वर्षी पहिला डोस शंभरातल्या अवघ्या ३१ बाळांना मिळाला, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे.

२०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ होती, ती सामोआत पोचली. ५,७०० हून अधिक रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. टोंगा आणि फिजीतही गोवर गेला, पण तिथल्या मुलांना लस मिळालेली होती. मृत्यू एकही नाही! डिसेंबरमध्ये सामोआ सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले. ज्या घरात लस राहिली असेल त्यांनी दाराबाहेर लाल फडकं लावायचं आणि पथकांनी दारात येऊन टोचायचं. ज्या सरकारवरचा भरवसा उडाला होता, त्याच्याच सांगण्यावरून लोकांनी फडकी लावली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट लांबची नाही. २०२१ च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं बचावली. पण त्यानंतर आमच्या अंगणवाडीत एका आईने ‘बाटली दाखवा आधी’ म्हणून हात पुढे केला. कुणी तिला आगाऊ म्हटलं. मला ती शहाणी वाटली.

आता आमच्या सिस्टर लसीची आणि पाण्याची कुपी आईच्या डोळ्यांसमोर धरतात, नाव आणि तारीख मोठ्याने वाचतात. रांग हळू सरकते, मागच्या बायका कुरकुरतात. कुरकुरू देत.